गुडघे जातील!

वरसोली घ्या, अलिबाग घ्या, नागाव घ्या, पहाटे कुणी वाळूवर पळायला लागला की कट्ट्यावरून हाक येतेच, "अहो, गुडघे जातील!" हे काका तुमच्या चांगले परिचयाचे आहेत, तेव्हा नावगाव सांगत नाही. डोक्याला कानटोपी, स्कूटर थेट वाळूला टेकवलेली, आणि नजर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर नव्हे, गुडघ्यावर. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरचा सराव करणारा पोरगाही यांच्या तावडीतून सुटत नाही. त्याचे तर भरतीआधीच जाणार असतात. पळणाऱ्याला पडसं झालं तरी हे म्हणणार, "आज नाक, उद्या गुडघे."

त्यांचा सिद्धांत असा: गुडघ्यात वंगण असतं, ते जन्माला येताना मोजून मिळतं, आणि शहाण्याने ते पळून उडवू नये. गाडीच्या बेअरिंगला हे लागू आहे. गुडघ्यातली कूर्चा मात्र जिवंत असते, तिला रक्तवाहिन्या नसतात, आणि तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातूनच होतं. भार पडला की द्रव बाहेर, सुटला की आत. म्हणजे कट्ट्यावर बसून वंगण साठत नाही. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गुडघ्याची किंवा खुब्याची झीज हौशी धावपटूंत 3.5 टक्के आढळली, न पळणाऱ्यांत 10.2. त्याच हिशेबात स्पर्धेत उतरणाऱ्या धावपटूंचा आकडा 13.3 आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. अतिरेकाबद्दल काकांचं थोडंफार बरोबर असू शकतं.

यावर काकांची बाजू घेणारा म्हणेल, ज्यांचे गुडघे दुखतात ते पळणं सोडतात, मग पळणाऱ्यांत धडधाकटच उरणार. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच स्टॅनफर्डचा अभ्यास महत्त्वाचा: 1984 ते 2002, पन्नाशी-साठीतले 45 धावपटू आणि 53 न पळणारे, ठरावीक काळाने एक्स-रे. धावपटूंची झीज जास्त आढळली नाही. माणसं थोडी होती, त्यामुळे पळण्याने गुडघे सुधारतात असं मी म्हणणार नाही. पळण्यावरचा आरोप सिद्ध होत नाही, एवढंच. आणि डोक्यावर पाटी वाहणाऱ्या कोळणींचे गुडघे धरतात, त्या कुठे पळतात? जड ओझं आणि तासन्‌तास उकिडवं बसणं ही झिजेची मान्य कारणं आहेत. जुनी दुखापत आणि वाढलेलं वजन हीसुद्धा. शरीराचा एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे चार किलो उतरतात. पण कट्ट्यावर भज्यांची पुडी उघडलेली असताना हा हिशेब काढणं बरं दिसत नाही.

वाळूबद्दल मात्र काकांचं ऐकावं. भुसभुशीत वाळूत पळायला दीडपटीहून जास्त शक्ती लागते, आणि उतरत्या किनाऱ्यावर एक पाय सतत खाली पडतो. पळायचं ते ओहोटीच्या ओल्या, घट्ट, सपाट पट्ट्यावर. तो कधी उघडा पडतो हे बिनचूक सांगणारा माणूस कोण? तेच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणी हिशेब त्यांच्या बोटांवर आहे, आणि रोज पळणारा दोन दिवस दिसला नाही की पहिली चौकशीही तेच करतात. पँटच्या आत त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याला पट्टा असतो; पळून नव्हे, नुसता वयाने आलेला. इतरांचे जाऊ नयेत म्हणून ओरडणाऱ्याला किती नावं ठेवायची?

तेव्हा त्यांचं भाकीत सोडा, पंचांग घ्या. गुडघा सुजला, अडकला किंवा लचकू लागला तर कट्ट्याला न विचारता अस्थितज्ज्ञाला दाखवा. बाकी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे ओहोटी असते, खुशाल पळा. अष्टमीला तेवढं घरी थांबा. सकाळी सहाच्या सुमारास भरती असते.