बोट चुकलेला हत्ती

कोल्हापूरहून गोव्याला जायचं तर आंबोली घाट उतरायचा, सावंतवाडीत चहा घ्यायचा आणि दुपारी पणजीत मासे खायला बसायचं. आमच्या घरानं हेच मुंबईमार्गे करायचं ठरवलं. म्हणजे रात्रभर रेल्वेनं भलतीकडे जायचं, तिथं बोटीत बसायचं आणि समुद्रातून पुन्हा खाली यायचं. शेजारच्या पाटीलकाकांना हे सांगितलं तेव्हा ते दाढी करता करता थांबले.

"गोव्याला जायला मुंबईला?"

"हो, क्रूझनं जाणार आहोत."

"बरं. मग येताना दिल्लीवरनं येणार काय?"

आण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पंचाहत्तरी हे निमित्त होतं आणि कल्पना माझ्या धाकट्या दिरांची होती. भाऊजी बँकेत आहेत. त्यांचा देवावर आहे त्यापेक्षा एक्सेलवर जास्त विश्वास आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी साडेसातच्या सुमाराला सीएसएमटीला पोचवते आणि बोटीवर घेतात ते दुपारी. मधल्या वेळाचे त्यांनी चौकोन पाडून रंगवले होते. हिरव्या चौकोनात घारापुरी, पिवळ्यात गेटवे, निळ्यात वस्तुसंग्रहालय. 'जेवण' असा चौकोनच नव्हता. त्यामागे आण्णांचा सिद्धांत होता. बोटीच्या तिकिटात जेवण धरलेलं आहे, तेव्हा त्या दिवशी बाहेर खाणं म्हणजे एकाच जेवणाचे दोनदा पैसे देणं. पोट रिकामं ठेवून बोटीवर जायचं आणि तिकीट वसूल करायचं.

हा सिद्धांत सासूबाईंना कुणी सांगितलेला नव्हता. त्यांनी नऊ माणसांच्या चार दिवसांच्या दशम्या, चकल्या, बेसनाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी आणि एका बरणीत कांदा-लसूण चटणी असा शिधा कापडी पिशवीत भरून घेतला होता. कर्जत गेल्यावर स्वातीनं, माझ्या जावेनं, मोबाइलवर बोटवाल्यांची सूचना मोठ्यानं वाचली. बाहेरचे खाद्यपदार्थ बोटीवर नेता येणार नाहीत.

डब्यात क्षणभर शांतता पसरली. मग सासूबाई म्हणाल्या, "मग चढायच्या आधी संपवायचं. टाकायचं नाही." त्या क्षणापासून आमच्या घरात दोन पक्ष झाले. एक पोट रिकामं ठेवणाऱ्यांचा आणि दुसरा डबे रिकामे करणाऱ्यांचा. मी सून असल्यामुळे दोन्ही पक्षांत होते.

दुसरी बातमी कल्याणला आली. भाऊजींचा ओम चौदा वर्षांचा आहे आणि बापाचा एक्सेल कुठं फाटेल याची तो वाटच बघत असतो. "पप्पा, एलिफंटा आज बंद आहे. दर सोमवारी बंद असतं."

भाऊजींपेक्षा धक्का बसला तो सासूबाईंना. "सोमवारी? महादेवाचं देऊळ सोमवारी बंद?" घारापुरीची लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, तिथं पूजा होत नाही, हे आण्णांनी समजावून पाहिलं. पण आठवड्यातले सहा वार मोकळे असताना सरकारला नेमका महादेवाचा वार सापडावा, हे काही सासूबाईंना पटलं नाही. मलाही नाही.

हिरवा चौकोन असा गेला. सीएसएमटीला उतरल्यावर क्लोकरूमच्या रांगेत कळलं, की प्रत्येक डागाला कुलूप हवं. आता कापडी पिशवीला कुलूप कुठं लावणार? आमच्या बॅगा आत गेल्या आणि शिध्याची पिशवी दिवसभरासाठी आमच्याबरोबर मुंबई बघायला निघाली. बोटीवर जाणाऱ्या माणसाला बंदराच्या गावात जो वेळ मिळतो तो असाच असतो. धड प्रवास सुरू झालेला नसतो आणि गावही आपलं नसतं. दर दहा मिनिटांनी कुणीतरी घड्याळ बघतं, कुणीतरी आधार कार्ड चाचपतं आणि सगळे समोरच्या वास्तूकडे बघून "छान आहे" म्हणतात.

गेटवेला मात्र आण्णा खुलले. त्यांची सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली, त्यामुळे कुठल्याही इमारतीसमोर उभं राहिलं की त्यांना आधी काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते हवं असतं. राजा उतरला ती तारीख तर कमानीवर कोरलेलीच आहे. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी इथं उतरले ते २ डिसेंबर १९११ ला. पायाभरणी झाली ३१ मार्च १९१३ ला. उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. आण्णांनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव. आणि आमच्या राधानगरी रोडच्या पुलाला दोन वर्षं उशीर झाला तर केवढा बोभाटा!"

९ जानेवारी १९१५ ला गांधीजी आफ्रिकेहून परतले तेही इथंच, अपोलो बंदरावर. तेव्हाही कमान उभी नव्हती. उभी राहिल्यावर एका मोठ्या समारंभाला कामी आली ती २८ फेब्रुवारी १९४८ ला, शेवटची ब्रिटिश पलटण तिच्याखालून बोटीत बसून गेली तेव्हा. राजासाठी बांधलेलं स्वागताचं दार निरोपाला वापरलं गेलं. आण्णा म्हणाले, "काम रेंगाळलं की हे असं होतं. वापरच बदलतो."

आण्णांचं हे चालू असताना सासूबाईंनी कठड्याशी बसून पहिला डबा उघडला होता. गळ्यात कॅमेरा घातलेला एक फोटोवाला "ताजचा घुमट चिमटीत धरून काढतो" म्हणत आला. त्याला दोन चकल्या मिळाल्या. त्यानं खाल्ल्या, फोटो काढला आणि पैसे पूर्ण घेतले.

ही कमान जॉर्ज विटेटची. पलीकडचं वस्तुसंग्रहालय त्याचंच, आणि आमची बोट जिथून सुटणार होती त्या बॅलार्ड इस्टेटची आखणीसुद्धा त्याचीच. आण्णांच्या मनात संशय आला. "सगळी कामं एकाच माणसाला? टेंडर तरी निघालं होतं का?" विटेट मुंबईतच वारला, शिवडीला त्याची कबर आहे. हे ऐकल्यावर आण्णा जरा नरमले. बिलं पास व्हायची वाट बघतच गेला असेल, असं त्यांचं मत पडलं.

पुढं घर फुटलं. निळा चौकोन तरी वाचवायचा म्हणून भाऊजी आण्णांना घेऊन वस्तुसंग्रहालयात गेले. माझ्या मनूला पेंग्विन बघायचे होते. तिला पाच वर्षं पूर्ण आहेत आणि या वयात माणसाचं मत बदलत नाही. म्हणून आम्ही बाकीचे, पिशवीसकट, दोन टॅक्सी करून भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो.

पेंग्विनांबद्दल थोडक्यात सांगते. ते हंबोल्ट जातीचे आहेत, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, आणि २०१६ मध्ये कोरियातून इथं आले. काचेपलीकडे थंडगार आहे आणि काचेअलीकडेही बरं आहे, त्यामुळे गर्दीतले निम्मे लोक पेंग्विन बघत होते आणि निम्मे घाम वाळवत होते. मनूनं विचारलं, "हे पण क्रूझनं आले?" विमानानं आले म्हटल्यावर तिचा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला आणि आमच्याबद्दलचा कमी झाला.

खरी भेट बाहेर झाली. बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि त्याच्या अंगणात एक काळ्या दगडाचा हत्ती उभा आहे. मोठा आहे, थकलेला आहे आणि त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. ओमनं मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि दोन मिनिटांनी एकदम ओरडला, "काकू, हा एलिफंटाचा हत्ती आहे!"

खरंच तो होता. घारापुरीच्या किनाऱ्यावर पूर्वी हा हत्ती उभा असायचा आणि त्याला बघूनच पोर्तुगीजांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. १८६४ मध्ये साहेबाच्या मनात आलं, की हा विलायतेला न्यावा. बोटीत चढवायला यारी लावली. हत्ती उचलला, यारी मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मग इकडं बागेत आणले आणि पुढं जोडून उभे केले. जगातली एवढी लेणी, देवळं आणि हिरे गुपचूप बोटीत बसून गेले. हा एकटा बोटीत चढताना असा काही आडवा पडला, की साहेबानं नाद सोडला.

मी त्याच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिले. पायाशी पिशवी होती, बोटीची वेळ जवळ येत होती आणि मला तो हत्ती फार शहाणा वाटला.

सासूबाईंनी तर सरळ पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. "बापाचं दार बंद होतं. पोरगा तरी भेटला," म्हणाल्या, आणि पिशवीतून बेसनाचा लाडू काढला. तेवढ्यात राखणदार लगबगीनं आला, इथं खायला बंदी आहे म्हणाला. "मी कुठं खातीय, याला दाखवतीय," असं म्हणून त्यांनी तो दाखवला आणि परत डब्यात ठेवला. त्या डब्यातले लाडू त्यानंतर प्रसाद झाले, म्हणजे पोट रिकामं ठेवणाऱ्यांनाही नाही म्हणता येईना. सासूबाईंचं राजकारण आमच्या भाऊजींच्या एक्सेलला कधीच कळलेलं नाही.

परतीच्या वाटेत सासूबाईंनी टॅक्सी भाऊच्या धक्क्याकडे वळवायला लावली. त्यांचं माहेर मालवणचं. कोकण बोटीच्या दिवसांत त्या लहानपणी आजोळी मुंबईला यायच्या. डेकवर सतरंजी टाकायची, बोट लागू नये म्हणून लिंबू हुंगत पडायचं, आणि मालवणला बोट बाहेरच थांबली की पडावात उतरायचं. पडाव खालीवर होत असायचा. वरून एक खलाशी पोराला सोडायचा आणि खालून दुसरा झेलायचा. ट्रंक मात्र दोघं धरून उतरवायचे. "पोरं परत होतात, ट्रंक नाही," असं त्यांचे वडील म्हणायचे. पावसाळ्यात हे सगळं बंद.

धक्क्यावर मासळीचा वास, लाँचांची गर्दी आणि पिवळे बर्फाचे ट्रक होते. सासूबाई थेट तिकिटाच्या खिडकीशी गेल्या आणि विचारलं, "मालवणची बोट किती वाजता?" त्यांना ठाऊक होतं, की ती कधीच बंद झाली. पण बहुधा त्यांना एकदा विचारायचंच होतं. खिडकीतला माणूस सरळ होता. "मावशी, इथनं मांडवा. रो-रो आहे. गाडी आणलीय का?"

"गाडी नाही, लाडू आहेत," त्या म्हणाल्या, आणि खिडकीतून दोन आत गेले.

बॅलार्ड पिअरच्या ग्रीन गेटपाशी आण्णा आणि भाऊजी क्लोकरूममधलं सगळं सामान घेऊन आधीच येऊन थांबले होते. आण्णा फार उत्साहानं मोगल लघुचित्रांबद्दल बोलत होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर तिसऱ्या बटणाशेजारी हिरव्या चटणीचा ताजा थेंब होता. सासूबाईंनी थेंबाकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं, आणि विचारलं, "वडा गरम होता का?" रिकाम्या पोटाचा पक्ष तिथंच विसर्जित झाला.

उरलेला शिधा न्यायला माझा डोंबिवलीचा भाचा फोर्टातल्या ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत धावत आला. मुंबईत बंदराजवळ नोकरी करणारा एक नातेवाईक असावाच. दशम्या, चकल्या आणि उरलेला प्रसाद त्याच्याकडे गेला. मग सामान द्यायची वेळ आली. बॅगांना चिठ्ठ्या लावून हमालाकडे द्यायच्या, त्या परस्पर खोलीत पोचतात. "पावती कुठाय?" सासूबाईंनी विचारलं. पावती नसते म्हटल्यावर त्यांनी स्वतःची बॅग पोटाशी धरली आणि यंत्रापर्यंत स्वतः नेली.

यंत्राच्या पडद्यावर साड्यांच्या घडीत एक गोल गडद आकार दिसला. सुरक्षारक्षकानं बॅग उघडायला लावली. पावडरच्या मोठ्या डब्यात कांदा-लसूण चटणीची बरणी होती.

"हे काय, मावशी?"

"औषध आहे."

त्यानं झाकण फिरवलं, वास घेतला आणि डोळे मिटले. "मी कराडचा आहे. हे औषध मी लहानपणापासून घेतोय." बरणी आत गेली नाही. त्याच्या टेबलावर, रजिस्टरशेजारी राहिली, आणि दुपारच्या डब्याला ती वाया गेली असेल असं मला वाटत नाही.

बोटीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जेवण भरपूर होतं आणि सगळं अळणी होतं. पहिल्या घासाला नऊच्या नऊ जणांना ती बरणी आठवली. आण्णांनी तिकीट वसूल करायचा प्रयत्न केला, पण वड्यांनी जागा अडवली होती. गोवा होता तिथंच होता. पाटीलकाकांनी परतल्यावर विचारलं, "मग, काय बघितलं?" मनूनं पेंग्विन सांगितले, आण्णांनी कमान सांगितली, सासूबाईंनी हत्ती सांगितला. गोवा कुणीच सांगितला नाही.

बोटीनं जाणार असाल तर मुंबईत निदान एक सकाळ हाताशी ठेवाच. फक्त वार बघा. घारापुरी सोमवारी बंद असते आणि राणीची बाग बुधवारी.