९० किलोमीटर आणि बोटभर

स्वारगेटहून वाईला निघालेल्या एसटीला कात्रज ओलांडून, शिरवळच्या अलीकडे नीरा ओलांडून, खंबाटकीचा घाट चढून (तेव्हा बोगदा होता तो पुण्याकडे परतणाऱ्यांसाठी, जाणाऱ्याने घाटच चढावा असा दंडक) आणि सुरूर फाट्यावर महामार्गाला रामराम ठोकून सुमारे ९० किलोमीटर तुडवावे लागतात, आणि माझ्या सदऱ्याच्या खिशातल्या पेनड्राइव्हने हा सारा प्रवास, तिकीट न काढता, निर्वेध पार पाडला. अडला तो त्यानंतरच्या बोटभर अंतरात.

वाईच्या एका वाचनालयात 'वसईच्या घंटा' या विषयावर माझे सचित्र व्याख्यान होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात ठिकठिकाणी देवळांत गेल्या. एक नाशकाला नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरास आणि एक वाईजवळच्या मेणवलीला, नाना फडणविसांच्या घाटावर. त्या धातूच्या धुडांना घेऊन नद्या-घाट ओलांडणारी माणसे कोणत्या मातीची असतील, याचे उदात्त चिंतन मी एसटीत खिडकीशी बसून केले होते. माझ्याकडचा ऐवज दोन-चार तोळ्यांचाही नव्हता.

वाचनालयाचा संगणक कोणा उदार गृहस्थाने देणगीदाखल दिलेला, वयोवृद्ध आणि लिनक्सच्या अमलाखालचा होता. मी पेनड्राइव्ह खुपसला, बसेना. उलटा केला, बसेना. पुन्हा सुलटा केला आणि बसला. या यूएसबी जोडणीचे एक प्रमुख शिल्पकार अजय भट्ट हे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. दोन्ही बाजूंनी बसणारी जोडणी केली असती तर खर्च दुपटीवर गेला असता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. तो वाचलेला खर्च तेव्हापासून आपण सारे मनगटाने फेडीत आहोत.

पेनड्राइव्हचा तांबडा दिवा लुकलुकला. पडद्यावर मात्र काहीही उमटले नाही. सभागृहात पन्नासएक श्रोते, पहिल्या रांगेत अध्यक्ष अण्णा, आणि व्यासपीठावर मी, पुढचे भोक, मागचे भोक, पुन्हा पुढचे भोक अशी तीर्थाटने करीत असलेला. मध्यंतरी मी पेनड्राइव्हच्या तोंडात फुंकरही मारली; या उपायाने आजवर कोणाचे काय दुरुस्त झाले हे मला ठाऊक नाही, पण फुंकर मारल्यावाचून माणसाला प्रयत्न केल्यासारखे वाटत नाही.

अखेर वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा उठून आला. त्याने एक काळी खिडकी उघडून तीत काहीबाही टंकले आणि संगणकाचा रोजनामा वाचावा तसा वाचू लागला.

"काका, दिसतोय बघा. चौसष्ट जीबी, एक पार्टिशन. पण माउंट होत नाही."

"म्हणजे आहे की नाही?"

"आहे. पण घेत नाही."

सरकारी कचेरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसास याहून अधिक खुलाशाची गरज नव्हती. इसम दारात उभा आहे, हजेरीही लागली आहे, परंतु कागद वाचता न आल्यामुळे कारकून त्याला रुजू करून घेत नाही. कागदाची लिपी 'एक्सफॅट' होती. ही मांडणी मायक्रोसॉफ्टने २००६ साली काढली आणि लिनक्सच्या गाभ्यात तिला जागा मिळाली २०१९ मध्ये. आमचा संगणक त्याच्याही आधीचा. ती शिकवणारी पुरवणी आंतरजालावरून उतरवता आली असती, परंतु वाचनालयाच्या आंतरजालाचे बिल थकले होते आणि ही गोष्ट अण्णांनी खिडकीबाहेर पाहत सांगितली.

"एक्सफॅट कोणी केलं, काका?"

मीच करवून घेतले होते. घंटेची चित्रफीत सहा जीबीची, आणि जुन्या फॅट-३२ मांडणीत चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. तेव्हा पुतण्याने मांडणी बदलून दिली. शिवाय निघण्याच्या गडबडीत, रिक्षावाला खाली भोंगा वाजवीत असता, 'सुरक्षितपणे बाहेर काढा' या संगणकाच्या विनवणीकडे दुर्लक्ष करून मी तो पेनड्राइव्ह मुळा उपटावा तसा उपटला होता. हा दुसरा गुन्हा मी त्या वेळी कबूल केला नाही.

तो उघडकीस आला बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथल्या विंडोजने पेनड्राइव्ह ओळखला, परंतु 'या ड्राइव्हमध्ये बिघाड आहे, तपासून दुरुस्त करू काय?' असे विचारले. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले.

"न काढता ओढलाय का, सर?"

"रिक्षा आली होती," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. रिक्षा बऱ्याच जणांची येत असावी. दुरुस्तीची हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत असता मी दोन कप चहा घेतले. छायाचित्रे सर्व सुखरूप निघाली, ती त्याने आपल्या आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवली, आणि चित्रफितीने मात्र साफ नकार दिला: तो पेनड्राइव्ह फॅट-३२चा. आठ पायल्यांच्या कणगीत सहा पायल्या मावत नाहीत, हे गणित मला दुकानदाराने तीनदा समजावले आणि तिन्ही वेळा मी समजल्याचा आव आणला.

वाचनालयात परतलो तो पाऊण तास उलटला होता. मुलाने नवा पेनड्राइव्ह लावला, तो तत्काळ रुजू झाला, आणि मी क्षमायाचना करून सांगितले की चित्रे दाखवीन, परंतु घंटेचा नाद ऐकवण्याचा योग आज नाही.

दुसऱ्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ काठीच्या आधाराने उठले.

"पाहुणे, ती घंटा कुठली म्हणालात?"

"मेणवलीची."

"मी मेणवलीचाच आहे," ते म्हणाले. "पुण्याहून कशाला आणायची? शेअर रिक्षा बाहेर उभीच आहे."