हरकतीला हरकत

आमच्या कोपऱ्यावरच्या नांद्रुकीला परवा पालिकेचं पत्र आलं. टपालाने नव्हे, खिळ्याने. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद, त्यावर झाडाचा क्रमांक, बुंध्याचा घेर, अंदाजे वय आणि शेवटी ते प्रेमळ वाक्य: कोणाची हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावे. कागद माणसाच्या डोक्याच्या दीड हात वर ठोकलेला. वाचायचा तर शिडी हवी, आणि शिडी घेऊन झाडापाशी गेलात तर लोक तुम्हालाच तोडणारा समजणार.

पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ नावाच्या गटातली पोरं सुट्टीच्या दिवशी पकडी, हातोड्या घेऊन झाडांतले खिळे उपटत हिंडायची. क्लासवाल्यांच्या पाट्या, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या. त्यांना आमच्याकडे बोलवावं म्हणतो. फक्त खिळ्यासोबत नोटीसही निघाली, तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा लागेल की झाडाला दिलासा, हे वकिलाला विचारून ठेवावं लागेल.

‘हरकती व सूचना’ ही आपल्याकडे ‘आता जेवूनच जा’सारखी म्हणायची गोष्ट आहे. यजमान दाराशी उभा राहून म्हणतो, पाहुण्याने पायात चपला सरकवत ‘छे, छे, उशीर होतोय’ म्हणायचं, हा करार. शंभर वर्षं तो दोन्ही बाजूंनी इमानाने पाळला गेला. हल्लीची पोरं मात्र चपला काढून थेट पाटावर बसतात आणि विचारतात, भाजी कसली केलीय? मग स्वयंपाकघरात जी पळापळ होते, तिला आपण ‘विकासाला विरोध’ म्हणतो.

आरेचंच पाहा. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी झाडं तोडायची म्हणून मुंबई महापालिकेने हरकती मागवल्या, तर ब्याऐंशी हजारांच्या वर आल्या. एवढे पाहुणे पाटावर बसलेले पाहून वृक्ष प्राधिकरणाने काय केलं? २९ ऑगस्ट २०१९ ला प्रस्ताव मंजूर केला. २,६४६ झाडं, त्यातली २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे हलवायची. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. एरवी रस्त्यावरचा एक खड्डा बुजवायला ज्या यंत्रणेला तीन पावसाळे लागतात, तिची ही चपळाई पाहून ऊर भरून यावा. जमावबंदी लागली. २९ जणांना अटक झाली, त्यात कितीतरी विद्यार्थी. झाडं तोडणारे रात्रपाळीला आणि झाडं मोजणारे कोठडीत, अशी कामाची वाटणी.

मग कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. ७ ऑक्टोबरला, सुट्टी असतानाही, सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि सांगितलं, यापुढे एकही झाड तोडू नका. सरकारची बाजू लगेच कबूल झाली. का होणार नाही? हवी तेवढी झाडं तोडून झालीच होती. आकडा नंतर बाहेर आला, २,१४१. दुसऱ्या दिवशी दसरा. राज्यभर लोकांनी एकमेकांना आपट्याची पानं देऊन ‘सोन्यासारखे राहा’ म्हटलं.

पुढचं अधिक चविष्ट आहे. ज्या आरेला जंगल ठरवा म्हणणारी याचिका त्या ऑक्टोबरात फेटाळली गेली, तिथलीच आठशेहून अधिक एकर जागा पुढच्या दोन वर्षांत सरकारने राखीव वन म्हणून जाहीर केली. झाडं पडल्यावर जंगल सापडलं. आणि एप्रिल २०२३ मध्ये, ८४ झाडांची मुभा मिळालेली असताना १७७ साठी परस्पर प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो कंपनीला १० लाखांचा दंड केला. १७७ ची परवानगीही दिली. म्हणजे कानफटात मारली आणि खाऊला पैसेही दिले.

मुंबईला गेलो की मीही त्या मेट्रोने जातो, उगाच सोवळेपणा नको. गाडी थंडगार आहे. पहिल्या स्थानकाच्या नावातही ‘आरे’ आहे. तेवढी आठवण सरकार ठेवतं.

पाटावर बसणाऱ्यांचं दुसरं टोक दिल्लीत पाहायला मिळालं. मार्च २०२० मध्ये केंद्राने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. टाळेबंदीच्या तोंडावर. इंग्रजीत आणि हिंदीत. आता रायगड-रत्नागिरीतल्या बागायतदाराने प्रकल्प दाराशी यायच्या आधी हिंदी पर्यावरण-परिभाषेचा क्लास लावावा, अशी अपेक्षा असणार. दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की बाबांनो, आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करा. हरकती ई-मेलने पाठवा, असं मसुद्यातच लिहिलं होतं. देशभरच्या पोरांनी त्या पाठवल्या. ढिगाने. मग पर्यावरणमंत्र्यांच्या, म्हणजे आपल्या पुण्याच्याच प्रकाश जावडेकरांच्या, मेलपेटीत ई-मेलचा पूर आल्याची तक्रार झाली आणि दिल्ली पोलिसांनी ‘फ्रायडेज फॉर फ्युचर’ या तरुणांच्या गटाची वेबसाइट बंद करायची नोटीस काढली. कलम कुठलं? यूएपीए. दहशतवाद्यांसाठीचं. बोभाटा झाल्यावर पोलिसांनी खुलासा केला: नोटीस चुकून गेली. चूक कोणाकडूनही होते. आमच्या पोस्टमननेही एकदा शेजाऱ्यांची पत्रिका आमच्याकडे टाकली होती.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो ‘लहान मुलांना आंदोलनात ओढू नका’ हा कळवळा. २०२२ च्या जुलैत आरेत पुन्हा निदर्शनं झाली, त्यात मुलं दिसली, तर राष्ट्रीय बालहक्क आयोगाने मुंबई पोलिसांना आदित्य ठाकऱ्यांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. मुलांचा वापर केला म्हणून. बरोबरच आहे. मुलांचा वापर फक्त ५ जूनच्या आसपास करायचा असतो. त्या सुमारास शाळा त्यांना उन्हात रांगेने फिरवते, हातात तक्ते, तोंडात ‘झाडे लावा, झाडे जगवा’, पुढे ताशा आणि शेवटी पाहुण्यांच्या हस्ते एका रोपाभोवती अकरा जणांचा फोटो. त्याला प्रभातफेरी म्हणतात. घोषणा तीच असते. फक्त समोर करवत नसते.

बरं, हे सगळं पोरांना शिकवलं कोणी? आपणच. अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ नावाचा विषयच आहे. हेतू चांगला होता: पोरांनी गुण मिळवावेत आणि विसरून जावं. काही कार्टी विसरत नाहीत, त्याला शिक्षण खातं काय करणार!

माझी भाची त्यांतलीच. अकरावीत आहे. नांद्रुकीवरचा कागद तिने फोनवर मोठा करून वाचला आणि संध्याकाळी सुतळी घेऊन गेली. परत येऊन म्हणाली, “मामा, यांनी घेर चुकीचा मोजलाय.”

“असेल. तुला काय करायचंय?”

“घेरावरून वय काढतात. पन्नासच्या पुढचं झाड कायद्याने हेरिटेज ठरतं. कागदावर सत्तेचाळीस लिहिलंय.”

मी म्हटलं, कागदोपत्री वय कमी सांगायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, स्थळं बघताना तर सर्रास. ती हसली नाही. २०२१ ला झाडांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, हेही तिनेच मला सांगितलं. मग विचारलं, “मागच्या वर्षी स्टँडजवळचे तीन कडुनिंब तोडले, त्यांची लावलेली झाडं कुठे आहेत?” मी छताकडे पाहिलं. माझ्या पिढीला असे प्रश्न आले की छत फार कामी येतं.

हरकत लिहिली तिने. दोन पानी, जोडपत्र, सुतळीचा फोटो पट्टीसकट. आवक-जावकच्या टेबलावर साहेबांनी विचारलं, वय? सोळा. “मग पालकांना घेऊन ये.” शिक्का मात्र मारून घेतला तिने, तारखेसह, पोच घेतल्याशिवाय हललीच नाही. तिथल्या शिपायाने म्हणे शेवटी स्वतःच शाईची डबी शोधून आणली.

मंगळवारी अकरा वाजता सुनावणी आहे. तिचं कॉलेज बुडणार, माझी रजा जाणार. पालक म्हणून मलाच उभं राहायचंय, कारण तिचे आई-बाबा, म्हणजे माझी बहीण आणि भावजी, नेमके ज्या रस्त्यासाठी झाड जाणार आहे त्याच्या बाजूने आहेत. काल रात्री तिने मला कागदांची फाइल दिली आणि बजावलं, “मामा, तू फक्त सही करायची. बोलायचं मी.”

मी हरकत घेतली नाही.