नेक्स्टराव

मार्च महिना लागला की आमच्या शाखेत ऑडिटरपेक्षा नेक्स्टरावांचा भाव वधारतो. ऑडिटरला काजू-बिस्किटं मिळतात. नेक्स्टरावांना साहेबांच्या केबिनमधला चहा, तोही कपबशीतून. एरवी हा माणूस पासबुक छापायच्या मशीनशेजारी बसतो आणि त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक आहे. पण वरून ‘ई-लर्निंग अपूर्ण असलेले कर्मचारी’ अशी लाल रंगाने माखलेली एक्सेल शीट आली, की साहेबांपासून कालच्या प्रोबेशनरपर्यंत सगळ्यांचे पाय त्या मशीनकडे वळतात.

नेक्स्टराव दुसऱ्यांची मॉड्यूलं सोडवून देतात. फुकट.

“चला, पुढचा पेशंट,” असं म्हणून ते चष्मा कपाळावर ढकलतात आणि ड्रॉवरमधून एका विमा कंपनीची जुनी डायरी काढतात. डायरीत प्रत्येकाला एक पान. त्यावर कर्मचारी क्रमांक, पासवर्ड आणि ‘सुरक्षा प्रश्न – आवडता पदार्थ – थालीपीठ’ अशी नोंद. सायबर सुरक्षेच्या मॉड्यूलमध्ये एक प्रश्न हमखास येतो : सहकाऱ्याने अडचण सांगून तुमचा पासवर्ड मागितला तर तुम्ही काय कराल? नेक्स्टराव डायरीत बोट ठेवून कॅशच्या मॅडमचा पासवर्ड टाकतात, आत शिरतात आणि ‘कोणत्याही परिस्थितीत देणार नाही’ यावर ठामपणे क्लिक करतात. मॅडम शेजारी उभ्या राहून, “बरोबर आलं ना हो?” असं काळजीने विचारतात.

त्यांचे काही आडाखे आहेत. सगळ्यांत लांबलचक पर्याय बरोबर. ‘वरील सर्व’ दिसलं की बाकीचं वाचायचं नाही. ‘तत्काळ वरिष्ठांना कळवेन’ हे उत्तर कुठल्याही विषयात चालतं, आगीपासून लाचेपर्यंत. पण खरी कला मार्कांत आहे. पास व्हायला ऐंशी टक्के लागतात. साहेबांना ते शंभर देतात. नव्या पोरांना नव्वद, ‘हुशार दिसायला पाहिजेत’ म्हणून. निवृत्तीला आलेल्यांना ब्याऐंशी. सगळ्यांना शंभर दिले तर झोनल ऑफिसला संशय येईल, असं त्यांचं म्हणणं. इतका बारकाईचा विचार आमच्या वार्षिक मूल्यमापनात होत नाही.

पूर्वी ट्रेनिंग म्हणजे चार दिवस बाहेरगावी जाणं होतं. नशीबवान साहेब लोक पुण्याच्या एनआयबीएममध्ये जात. ही संस्था १९६९ सालची, रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने झालेली. बाकीचे आपापल्या बँकेच्या ट्रेनिंग सेंटरला. व्याख्यानात डुलक्या काढल्या तरी रात्री मेसमध्ये शेजारच्या जिल्ह्यातला कोणीतरी कर्जखात्यातल्या खाचाखोचा सांगायचा आणि त्या जन्मभर पुरायच्या. मग हिशेब करणाऱ्यांच्या लक्षात आलं की प्रवासभत्त्यापेक्षा व्हिडिओ स्वस्त. २०१६ साली जिओने डेटा कवडीमोल केला, २०२० च्या लॉकडाउनने उरलेसुरले वर्गही बंद पाडले, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारनेही ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर करून सरकारी नोकरांना ऑनलाइन अभ्यासाला बसवलं. नेक्स्टरावांचे मेहुणे पोस्टात आहेत. ते हल्ली रविवारी सासुरवाडीला येताना लॅपटॉप घेऊन येतात.

विषयांना तोटा नाही. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा २००२ चा कायदा, कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा, वैयक्तिक डेटाचा २०२३ चा. कायदा आला की त्याच्या पाठोपाठ मॉड्यूल येतं आणि मॉड्यूलमध्ये प्रिया येते. प्रिया म्हणजे कार्टूनमधली निळ्या ब्लेझरची बाई. “चला, मनी लाँडरिंगच्या रोमांचक प्रवासाला निघू या!” असं ती म्हणते, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ‘नेक्स्ट’चं बटण उजळत नाही. नेक्स्टराव आवाज बंद करतात, पण तिला टाळता येत नाही. पुण्यात असे कोर्स बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या आहेत. तिथल्या कोणाच्या तरी हातून ही बाई घडली असणार असा नेक्स्टरावांना दाट संशय आहे.

या सगळ्याच्या पोटात स्कॉर्म नावाची एक व्यवस्था असते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने ती आली, आणि २००१ मधली तिची १.२ ही आवृत्ती अजून जगभर राबते. कोण किती वेळ आत होता, कुठल्या पानावर थांबला, किती मार्क पडले आणि मॉड्यूल ‘पूर्ण’ की ‘अपूर्ण’, एवढं ती इमानेइतबारे टिपते. खुर्चीवर कोण बसलंय, हे तिला दिसत नाही. वरच्यांनाही ‘पूर्ण’ एवढंच हवं असतं. कोणाच्या डोक्यात काय शिरलं याचा रकाना त्या एक्सेलमध्ये नाही, आणि म्हणून मला नेक्स्टरावांचा राग येत नाही. जे मोजलं जातं ते त्यांनी पुरवलं.

गंमत पुढेच आहे. एकच मॉड्यूल सगळ्या शाखेसाठी पुन्हा पुन्हा सोडवून नेक्स्टरावांना ते पाठ झालं. परवा एक गिऱ्हाईक रोज साडेनऊ-पावणेदहा लाखांची रोकड भरायला लागलं. प्रोबेशनर खूश, ठेवी वाढताहेत. नेक्स्टराव पासबुक छापता छापता म्हणाले, “अरे, दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांचा अहवाल दर महिन्याला दिल्लीला फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे जातो. हा त्याच्या खाली खाली तुकडे पाडतोय. संशयास्पद म्हणून कळव.” पोरगं चाट पडलं. त्याला त्याच मॉड्यूलमध्ये नव्वद टक्के होते.

मग दिवाळीच्या तोंडावर हेड ऑफिसच्या आयटीवाल्यांनी आमची परीक्षा घ्यायची म्हणून खोटा मेल धाडला : ‘बोनसची यादी पाहण्यासाठी येथे क्लिक करा.’ अख्ख्या शाखेने क्लिक केलं. साहेबांनी दोनदा, कारण पहिल्यांदा उघडलं नाही. एकटे नेक्स्टराव मेलकडे बघत म्हणाले, “पाठवणाऱ्याच्या पत्त्यात आयच्या जागी आकडा एक आहे. प्रिया हेच सांगते.” पण तोवर उशीर झाला होता.

क्लिक करणाऱ्या सगळ्यांना शिक्षा म्हणून सायबर सुरक्षेचं जादा मॉड्यूल लागलं. ते अर्थातच नेक्स्टरावांनी सोडवलं. घोडं गंगेत न्हालं म्हणून साहेबांनी पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी एक्सेल आली. शाखेची पूर्तता शंभर टक्के नाही; एक नाव लाल. लोकांच्या धबडग्यात नेक्स्टरावांचं स्वतःचं वार्षिक मॉड्यूल राहून गेलं होतं.

“अहो, तुमच्यामुळे शाखेचं नाव खराब!” साहेब म्हणाले. नेक्स्टरावांनी चष्मा कपाळावर ढकलला, डायरी काढली आणि पानं उलटली. सगळ्यांची पानं होती, स्वतःचं नव्हतं. तीन वेळा अंदाजाने पासवर्ड टाकल्यावर खातं लॉक झालं. हेल्पडेस्कला फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणाला, “सर, पासवर्ड कसा जपावा याचं एक मॉड्यूल आहे, ते आधी पूर्ण करा.” ते उघडायलाही पासवर्ड लागतो.

तुमच्या ऑफिसातही असा एकजण असेलच. त्याला पासवर्ड द्यायला जाल तेव्हा एवढं करा : आधी त्याचं स्वतःचं मॉड्यूल उरकून घ्यायला लावा. नाहीतर तुमचं कोण करणार?