विमा गाडीला, चालक दत्तभरोसे

अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना गेला, की तो परत मिळवायला अनेक राज्यांत विमा कंपनीचं 'एसआर-२२' प्रमाणपत्र लागतं आणि हप्ता कंबरडं मोडतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळात ही कटकट नाही. आपल्याकडं तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. २०२२ च्या दरपत्रकात हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी मोटारीला ३,४१६ रुपये. स्टिअरिंगमागं कोण बसतंय, हे विचारणं उद्धटपणाचं.

गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ऊस ओढत ट्रॅक्टर निघतो. मागं रिफ्लेक्टर नाही, पुढं स्पीकर मात्र दणक्यात. लायसन? "मालकाकडं हाय की!" निलंबित असताना चालवलं तर कायद्यात १०,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण त्यासाठी आधी कुणीतरी थांबवायला हवं, आणि भरल्या ट्रॉलीला थांबवायचं धाडस कोण करणार?

अपघातात परवान्याचा घोळ निघाला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालाच्या वाटेनं न्यायालय कंपनीला सांगू शकतं: आधी पीडिताला भरपाई द्या, मग मालकाकडून वसूल करा. तेव्हा कुठं मालक ड्रायव्हरला पहिल्यांदा विचारतो, "व्हय रं, तुझं लायसन कुठाय?"