एका गतिरोधकास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री गतिरोधकसाहेब, वास्तव्य मांढरदेवीच्या घाटाखाली, वाईच्या अंगास, यांचे सेवेशी सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मार्गशीर्षातील एका प्रसन्न सकाळी आपल्या पृष्ठभागावरून माझे जे उड्डाण झाले, त्याची रीतसर नोंद आपल्या दफ्तरी राहून गेली असावी, अशी शंका आल्यावरून हा मजकूर लिहिण्याचे धाडस करीत आहे. उड्डाण अल्पकालीन होते. अवतरण मात्र दीर्घकाल स्मरणात राहील असे झाले. पुढच्या चाकाची ट्यूब टायर आणि रिम यांच्या कात्रीत सापडून तिला शेजारी शेजारी दोन भोके पडली, मागच्या चाकाला आऊट आला, पाण्याची बाटली घरंगळत ओढ्याकडे गेली, आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी भर रस्त्यात एका म्हशीला साष्टांग नमस्कार घातला, जो तिने रवंथ न थांबवता स्वीकारला. तक्रार करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षे आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला, तक्रार ही किती निरुपद्रवी वस्तू आहे, हे कोणी सांगावे लागत नाही.

आपली योग्यता आपणांस नीट कळावी म्हणून, आपल्यापर्यंत मी कोणत्या वाटेने आलो हे निवेदन करणे अगत्याचे आहे. पुण्याहून पहाटे निघावे, कात्रजचा जुना घाट चढून बोगद्याच्या अंधारात आपलाच श्वास ऐकावा, पलीकडे शिवगंगेच्या खोऱ्यात उतरावे, महामार्गाचा गोंगाट कापूरहोळपर्यंत निमूटपणे सोसावा आणि तेथे उजवीकडे भोरच्या रस्त्याला लागावे, म्हणजे सायकल नावाचे वाहन कशासाठी निर्माण झाले याचा उलगडा होतो. या मुलखातील नद्यांनी आपसांत मोठा सुरेख दस्तऐवज करून ठेवला आहे: शिवगंगेने आपले सर्वस्व गुंजवणीच्या नावे करावे, गुंजवणीने ते नीरेच्या, आणि नीरेने पूर्वेकडे नरसिंगपुरापर्यंत चालत जाऊन भीमेच्या, या वाटण्यांत आजवर एकही दिवाणी दावा झाल्याचे ऐकिवात नाही. हरभऱ्याची शेते, धुक्यात अर्धी बुडालेली नीरा, बांधावर शेकोटीपाशी बसलेली मंडळी आणि 'एवढ्या थंडीत कुठं निघालात?' हा त्यांचा प्रश्न, ज्याचे समाधानकारक उत्तर सायकलस्वारांपैकी कोणालाच अद्याप देता आलेले नाही, हे सारे मागे टाकीत मी भोरास पोहोचलो तेव्हा पंतसचिवांच्या राजवाड्यावर ऊन आले होते.

भोर हे एके काळी संस्थान होते. 8 मार्च 1948 रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि संस्थानी सत्ता संपली, असे आम्ही शाळेत शिकलो. हे विधान किती उतावीळपणाचे आहे, याचा प्रत्यय सायकलवरून येतो. मोठे संस्थान गेले, पण गावोगाव आपल्या जातकुळीची लहान लहान संस्थाने उभी राहिली, आणि वेशीवर आडवे पडून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून जकात वसूल करण्याचे वतन त्यांच्याकडे अबाधित चालू आहे. ही जकात नाण्यांत घेतली जात नाही. मनगटे, माकडहाड, स्पोक आणि दाताची कवळी यांच्या रूपाने ती रोखीने वसूल होते, आणि पावती देण्याचा प्रघात नाही. कापूरहोळ ते घाटाचा पायथा एवढ्या अंतरात आपले किती भाऊबंद भेटले ते मी मोजू लागलो होतो. पण एकविसाव्यानंतर मोजदाद सोडली, कारण पुढच्याकडे लक्ष द्यायचे की मागच्यांची यादी सांभाळायची, असा प्रसंग वारंवार येऊ लागला.

मग मांढरदेवीचा घाट. काळूबाईचे देऊळ समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. पौषी पौर्णिमेच्या यात्रेला येथे माणसांचा पूर लोटतो, पण इतर दिवशी सकाळी या चढावर वानरे आणि मी एवढीच वर्दळ असते. सर्वांत हलक्या गिअरवर, ताशी सात किलोमीटरच्या राजेशाही गतीने, दर वळणावर 'आता माथा आला' अशी स्वतःची फसवणूक करीत चढताना मनुष्य फार सोज्वळ होतो. कोणाचे देणे बुडवले, कोणाला उगाच बोललो, हे सारे त्याला आठवते. माथ्यावर उभे राहिले की मागे नीरेचे खोरे आणि पुढे कृष्णेचे. येथे पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक उत्तरेकडे घरंगळला आणि दुसरा दक्षिणेकडे, तर त्यांची पुन्हा गाठ पडायला नीरा भीमेत आणि भीमा पार कर्नाटकात कृष्णेत मिळेपर्यंत थांबावे लागते. मला एका खोऱ्यातून दुसऱ्यात यायला एक सकाळ पुरली. त्या अभिमानाच्या भरात मी उतारावर सायकल सोडली, आणि साहेब, उताराच्या पायथ्याशी आपण होता.

आता आपल्या सनदेविषयी. 1934 साली स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस नावाची एक संस्था आहे. (नावावरून गैरसमज नको, ती निवडणूक लढवीत नाही.) तिने आपल्या कुळासाठी मानमरातब ठरवून दिलेला आहे तो असा: उंची दहा सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, पाठीची गोलाई सतरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटरने जाणाऱ्या वाहनास झोपेतल्या मुलाला उचलावे तसे अलगद उचलून खाली ठेवता यावे. अंगावर एकाआड एक काळेपांढरे पट्टे असावेत, आणि चाळीस मीटर अलीकडे आपल्या आगमनाची वर्दी देणारा फलक असावा. मी उतारावर ताशी पंचेचाळीसने येत असल्यामुळे, असा फलक असता तरी मला विचाराला तीन-सव्वातीन सेकंदच मिळाले असते, हे प्रांजळपणे कबूल करतो. पण तेवढ्यात निदान देवाचे नाव घेता आले असते. पंक्चर काढून झाल्यावर जुन्या सवयीने मी आपला पंचनामा केला. उंची: एक वीत व वर दोन बोटे. रुंदी: दोन हात. गोलाई: आढळून आली नाही. पट्टे: नाहीत. फलक: खांब आहे, फलकाच्या जागी एका वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत.

अर्धा तास रस्त्याकडेला बसून मी आपला कारभारही पाहिला, आणि न्यायदानाची पद्धत पाहून थक्क झालो. ज्यांच्या वेगाला वेसण घालावी म्हणून आपली नेमणूक झाली, त्या उंच चाकांच्या मोटारी आपल्यावरून अशा गेल्या, की आतल्या गृहस्थाच्या फोनवरील संभाषणात खंड पडला नाही. दूधवाला आपल्या किटल्यांसह, पाणी जाण्यासाठी कडेला सोडलेल्या हातभर फटीतून न थांबता निघून गेला. ती फट या रस्त्यावरची राजमान्य चोरवाट दिसते. उसाने भरलेली ट्रॉली मात्र कण्हत चढली, कण्हत उतरली, आणि नजराणा म्हणून दोन-चार ऊस आपल्या पायांशी ठेवून गेली, जे शाळेच्या वाटेवरच्या पोरांनी इनामदाराच्या हक्काने उचलले. ज्याच्या बुडाखाली स्प्रिंगा आहेत त्याला माफी, आणि ज्याच्या बुडाखाली अठ्ठावीस मिलिमीटरचा टायर आणि स्वतःची हाडे आहेत त्याच्याकडून पूर्ण सारा, हे कोष्टक आपण कोठून घेतले, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. पण ते ओळखीचे वाटले, म्हणून विचारले नाही.

शेजारीच एक चहाची टपरी आहे. तेथील मावशींनी माझ्या कोपराला हळद लावली, चहा दिला, आणि मी आपल्याविषयी जे चार शब्द बोललो ते शांतपणे ऐकून घेतले. मग कप विसळता विसळता म्हणाल्या, "तीनदा अर्ज दिला, बाबा. चवथ्यांदा ह्यो दिला."

हकीगत थोडक्यात अशी. शाळेतून येणाऱ्या एका मुलीला उतारावरून आलेल्या गाडीने उडवले. मुलगी वाचली, पाय वाकडा राहिला. गावाने ठराव केला, अर्ज केला, स्मरणपत्र दिले, पुन्हा अर्ज केला. पुढे खड्डे बुजवायला आलेल्या मुकादमाकडे थोडी खडी आणि पिंपाच्या तळाशी डांबर उरले होते. एका रात्री गावातल्या दहा-बारा जणांनी मिळून, कोणतेही कोष्टक न पाहता, कंदिलाच्या उजेडात आपणांस जन्म दिला. आपली उंची वीतभर का, याचा खुलासा मला तेव्हा झाला: रागाचे माप सेंटिमीटरमध्ये घेत नाहीत.

साहेब, मी आपणांस संस्थानिक समजत होतो, वतनदार समजत होतो; आपण तर अर्ज निघालात. आणि अर्जांशी माझा संबंध चौतीस वर्षांचा. कोणत्या खात्याकडे कोणत्या गावाचे असे किती कागद मी 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' या सुवाच्य अक्षरांतल्या शेऱ्यासह पुढे ढकलले, आणि ते पुढे कोठे गेले, याचा विचार त्या टपरीच्या बाकावर बसेपर्यंत माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. माझ्या शेऱ्याचे अक्षर फार वळणदार असे. साहेबलोक तारीफ करीत.

तेव्हा दाव्यातील बहुतेक मुद्दे मी मागे घेत आहे. ट्यूबचे पैसे नकोत, माकडहाडाची भरपाई नको. विनंती दोनच. एक, शक्य झाल्यास आपण पोटावर थोडे पसरावे आणि डोक्याने थोडे उतरावे, कारण मुलीला ज्या गाडीने उडवले तिला आपण अजूनही नीट थांबवीत नाही, एवढे मी अर्ध्या तासात पाहिले आहे. दुसरी, अंगावर निदान पांढरे पट्टे असावेत. वाईचा मुक्काम आटोपून दुसऱ्या दिवशी मी पसरणीच्या घाटाने पाचगणीस गेलो. तेथून परतताना दर उताराच्या तळाशी मला रस्त्यावरची प्रत्येक सावली आपल्यासारखी दिसू लागली, आणि चांगला बारा किलोमीटरचा उतार मी ब्रेक दाबून, नळाला शोधणाऱ्या दमयंतीसारखा, इकडेतिकडे पाहत उतरलो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक सायकलस्वार

ता. क. बाटली ओढ्यात सापडल्यास मावशींकडे ठेवावी; झाकण घट्ट आहे. पांढऱ्या रंगाचा एक डबा मी घेऊन ठेवला असून तो आपल्या अंगाला लावण्यास परवानगी मिळावी म्हणून संबंधित कचेरीकडे रीतसर अर्जही केला होता. त्याचे उत्तर काल आले. अक्षर माझ्याइतके वळणदार नाही, पण शेरा तोच आहे.