आधार काय?

संगीत विद्यालय म्हटलं की लोकांना तंबोरा आठवतो, पेटी आठवते, फी थकवणारी पोरं आठवतात. ग्रंथालय कुणालाच आठवत नाही. पण जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या मंदिरामागच्या एका विद्यालयात ते आहे. जिन्याखाली एक लोखंडी कपाट, कपाटासमोर टेबल आणि टेबलाशी काका. असे काका अमरावतीला असतात, पुण्यात तर गल्लीला दोन निघतील. हे आमचे, अकोल्याचे.

काका जिल्हा परिषदेत ऑडिटला होते. नोकरी संपली, ऑडिट संपलं नाही. गाणं ते ऐकत नाहीत, तपासतात. वरच्या मजल्यावर कुणी जरा मोकळी तान घेतली की जिन्याखालून आवाज येतो, ‘‘आधार काय?’’ पोरांनी त्यांचं नाव आधारकार्ड ठेवलंय. ते त्यांना ठाऊक आहे, आणि मला वाटतं, मनातून आवडतंही.

कपाटात भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहाही भाग आहेत, ‘देशोन्नती’ची कव्हरं घातलेले. पलुस्कर लिपीतली पुस्तकं आहेत, ‘संगीत कला विहार’च्या जुन्या अंकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे आहेत. शिवाय ‘संगीत सौभद्र’, ‘संगीत शारदा’ आणि ‘संगीत एकच प्याला’ ही नाटकं. कुण्या देणगीदाराने नुसतं नाव बघून दिली असावीत. काकांनी तीही रीतसर रजिस्टरला चढवली. ‘एकच प्याला’ तेवढा वरच्या फळीवर ठेवला, प्रारंभिकच्या पोरांचा हात पोचू नये म्हणून.

पुस्तक घरी मिळत नाही. टेबलावरच मिळतं, तेही काकांनी पान उघडून दिलेलं. झेरॉक्सला नेता येत नाही, मोबाइल खिशातून निघाला की काका पुस्तक मिटतात. आणि पुस्तक हाती पडण्याआधी चौकशी होते.

‘‘काय शोधून राह्यला रे?’’

‘‘काका, भूपालीची बंदिश पाहिजे होती.’’

‘‘भूपालीच ना? देशकार नाही ना?’’

पोरगं प्रवेशिकेचं. देशकार नावाचा राग असतो हीच त्याला बातमी. मग काका सुरू होतात. सूर दोघांचेही तेच पाच, सा रे ग प ध. पण भूपाली कल्याण थाटातला, वादी गंधार. देशकार बिलावल थाटातला, वादी धैवत. एक रात्रीचा, एक सकाळचा.

‘‘आता सांग बाप्पा, काल सकाळी तू वर गाऊन राह्यला होता, तो कोणता?’’

पोरगं रडकुंडीला येऊन म्हणतं, ‘‘काका, तो गृहपाठ होता.’’

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं एक सत्र एप्रिल-मेमध्ये येतं. अकोल्याचा पारा तेव्हा ४४-४५ अंशांवर असतो, आणि विद्यालयातला एकुलता एक कूलर जिन्याखाली आहे. साहजिकच त्या दिवसांत अख्खं विद्यालय अभ्यासू होतं. तबल्याची पोरंसुद्धा भातखंडे वाचत बसतात. कूलर पांढरी पाचात लागतो, असं काकांचं मत आहे. व्होल्टेज उतरलं की पांढरी चार. ते कुणी खोडलेलं नाही, कारण खोडणाऱ्याला उठून उन्हात जावं लागेल.

त्याच दिवसांत एक मध्यमेची मुलगी पलुस्कर लिपीतली बंदिश उतरवून घेऊन गेली. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर लिपीत तेच टिंब म्हणजे मंद्र. दोघेही विष्णू, एक दिगंबर आणि एक नारायण. दोघांनी आयुष्यं घातली, पण टिंबाचं काही जमवून घेतलं नाही. मुलीला सवय भातखंड्यांची. त्यामुळे जिथे तळघरात उतरायचं तिथे ती धाब्यावर चढली. बाईंनी कानांवर हात ठेवले. काका मात्र दोन पुस्तकं काखेत मारून जिना चढून आले. चेहरा असा फुललेला आम्ही कधी पाहिला नव्हता.

‘‘रागवू नका तिला. आधार आहे!’’

पुढचा तास काकांनीच घेतला.

त्यांचा स्वतःचाही एक सिद्धान्त आहे. भातखंडे रागांच्या शोधात देशभर हिंडले, नागपूरलाही गेले. मुंबईहून नागपूर म्हणजे गाडी अकोल्यावरून गेलीच असणार, सबब पंडितजी अकोल्यात थांबले होते. पाच मिनिटं का होईना, थांबले. एका तबलजीने हिंमत करून विचारलं, ‘‘काका, आधार काय?’’

‘‘रेल्वेचं टाइमटेबल,’’ काका म्हणाले.

काकांना गाताना कुणी ऐकलेलं नाही. परवाच्या गुरुपौर्णिमेला बाईंनीच डाव टाकला. ‘‘काका, वर्षभर पोरांना आधार मागता, आज तुम्हीच गा.’’ काका जरा लाजले. मग खरंच उठले, टोपी नीट केली, पेटीवाल्याला काळी एक द्यायला सांगितली. सभागृह, म्हणजे सतरंजीवरचे आम्ही, एकदम गप्प. तेव्हा सव्वाआठ झाले होते.

‘‘भूपाली म्हणतो,’’ काका म्हणाले. ‘‘पण त्याआधी दोन शब्द.’’

थाट झाला, जाती झाली, वादी-संवादी झाले. देशकार झाला, त्याच्यावरून समप्रकृती रागांचा मुद्दा निघाला, म्हणून मारवा-पुरिया-सोहनी झाले. पेटीवाल्याने काळी एक धरून धरून बोट बदललं. प्रसादाच्या शिऱ्यावर साय धरली. शेवटी काकांनी डोळे मिटले, खाकरले, आणि डोळे उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

‘‘नऊ वाजून गेले. रात्रीचा पहिला प्रहर संपला. आता भूपाली शास्त्रात बसत नाही.’’

‘‘मग बिहाग म्हणा काका,’’ बाई म्हणाल्या, ‘‘दुसरा प्रहर तर आता लागला.’’

‘‘म्हणू की,’’ काका म्हणाले, ‘‘पण त्याआधी बिहागाबद्दल दोन शब्द सांगावे लागतील.’’